उतरंडीतील बले

जुन्या घरांच्या माजघरात भिंतीला लागून मडक्यांची उतरंड रचलेली असे. सर्वांत खाली चुंबळीवर बसवलेला मोठा डेरा, डेऱ्यावर मडके आणि मडक्यावर गाडगे. एकात तांदूळ, दुसऱ्यात डाळ, तिसऱ्यात मीठ. थोड्या जागेत पुष्कळ जिन्नस मावावेत म्हणून केलेली ही सोय. आज मडक्यांची जागा डब्यांनी घेतली असली, तरी एकावर एक रचण्याची आपली सवय सुटलेली नाही. दप्तरातील पुस्तके, गोदामातील पोती, बांधकामावरच्या विटा, ट्रकमधील खोकी, जिकडे पाहावे तिकडे उतरंडच!

अशा उतरंडीविषयी एक साधा प्रश्न तुम्हांला विचारतो. समजा, आतल्या जिनसांसह गाडग्याचे वस्तुमान २ किलोग्रॅम आहे, मडक्याचे ४ किलोग्रॅम आणि डेऱ्याचे ८ किलोग्रॅम. उतरंड स्थिर उभी आहे. तर मग तळाच्या डेऱ्यावर कोणकोणती बले कार्य करत आहेत?

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुधा दोन उत्तरे येतात. कोणी म्हणतो, "डेऱ्याचे स्वतःचे वजन, मडक्याचे वजन, गाडग्याचे वजन आणि जमिनीचे वरच्या दिशेने ढकलणे." लगेच दुसरा कोणी आक्षेप घेतो, "गाडगे तर डेऱ्याला शिवतही नाही! मग त्याचे वजन डेऱ्यावर आले कोठून?" त्यावर पहिल्याचे उत्तर तयार असते, "बरे, मग गाडगे उचलून पाहा. डेऱ्यावरचा भार कमी होतो की नाही?"

दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे. पण दोघांचा वाद मिटवायचा तर आधी बल ओळखायचे कसे, हे ठरवले पाहिजे.

कर्ता सांगा, मगच बल लिहा

व्याकरणाच्या तासाला तुम्ही कर्ता, कर्म, क्रियापद शिकला आहात. भौतिकशास्त्रातील बल हे क्रियापदासारखे आहे. ढकलणे, ओढणे, दाबणे ही त्याची रूपे. त्याला कर्ता हवा आणि कर्मही हवे. "डेरा मडक्याला वर ढकलतो", या वाक्यात कर्ता डेरा, कर्म मडके. ज्या बलाविषयी असे पूर्ण वाक्य तुम्हांला बोलता येत नाही, ते बल चित्रात काढू नका.

मग कर्ता कोण कोण होऊ शकतो? आपल्या नेहमीच्या व्यवहारात याचे उत्तर फार सोपे आहे. पहिला कर्ता पृथ्वी. ती वस्तूला न शिवताही आपल्याकडे ओढते. या ओढीलाच आपण वजन म्हणतो. चुंबक आणि विद्युतभार हेही दुरून बल लावतात, पण आपल्या उतरंडीत त्यांचा संबंध नाही. उरलेले सगळे कर्ते म्हणजे वस्तूला प्रत्यक्ष स्पर्श करणारे पदार्थ. जे शिवत नाही, ते ढकलूही शकत नाही.

(हवाही सगळीकडून शिवते, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेलच. पण तिचा एकूण परिणाम आपल्या मडक्यांच्या बाबतीत इतका थोडा असतो की येथे तो सोडून दिला तरी चालेल.)

आता रीत अशी. जिच्याविषयी प्रश्न आहे ती एकच वस्तू निवडा. कागदावर तिचे सुटे चित्र काढा. शेजारच्या वस्तू काढू नका. पृथ्वीच्या ओढीसाठी खालच्या दिशेने एक बाण काढा. मग वस्तूच्या कडेवरून मनाने बोट फिरवा. जेथे जेथे बोटाला दुसरी वस्तू अडेल, तेथे तेथे त्या वस्तूच्या नावाचा एक बाण काढा. बोट पुन्हा जेथून निघाले तेथे आले की यादी पूर्ण झाली. तिच्यात आणखी काही घालायचे नाही आणि काही गाळायचेही नाही.

तीन भांड्यांचा हिशोब

हीच रीत उतरंडीला लावून पाहू. पृथ्वी १ किलोग्रॅम वस्तुमानाला सुमारे ९.८ न्यूटन बलाने ओढते. हिशोब सोपा व्हावा म्हणून आपण १० न्यूटन धरू.

सुरुवात वरून करू, कारण सर्वांत वरच्या वस्तूला शिवणारे कमी. गाडग्याला पृथ्वी खाली ओढते २० न्यूटनने. बोट फिरवले तर फक्त खाली मडके लागते. गाडगे स्थिर आहे, म्हणजे त्यावरील बलांची बेरीज शून्य असली पाहिजे. म्हणून मडके गाडग्याला वर ढकलते, तेही २० न्यूटननेच.

आता मडके. पृथ्वी त्याला खाली ओढते ४० न्यूटनने. वर गाडगे शिवते, ते मडक्याला खाली ढकलते २० न्यूटनने. खाली डेरा शिवतो. खालच्या दिशेची बेरीज ६० न्यूटन, म्हणून डेरा मडक्याला वर ढकलतो ६० न्यूटनने.

शेवटी डेरा. पृथ्वी त्याला खाली ओढते ८० न्यूटनने. मडके त्याला खाली ढकलते ६० न्यूटनने. खालून जमीन, चुंबळीमार्फत, वर ढकलते १४० न्यूटनने. यादी संपली! डेऱ्यावर तीनच बले आहेत आणि त्यांत गाडग्याचे नाव कोठेही नाही.

मग गाडगे उचलल्यावर डेऱ्यावरचा भार कमी का होतो? कारण गाडगे गेले की ते मडक्याला ढकलेनासे होते. मग मडक्याला आधार द्यायला डेऱ्याला ४० न्यूटनच पुरतात आणि मडकेही डेऱ्याला ४० न्यूटननेच दाबते. बातमी हातोहात खाली पोचते. गाडग्याचा परिणाम डेऱ्यावर होतो खरा, पण तो मडक्याच्या हातून होतो. मडक्याच्या ६० न्यूटनांत तो आधीच मोजलेला आहे. ज्याने मडक्याचे ६० लिहून वर पुन्हा गाडग्याचे २० लिहिले, त्याची बेरीज १६० होते आणि जमिनीच्या १४० शी तिचा मेळ बसत नाही.

निर्जीव मडक्याला बरोबर ६०च न्यूटन ढकलायचे हे डेऱ्याला कसे कळते, असे तुम्ही विचाराल. गादीवर बसून पाहा. गादी दबते, आतला कापूस आवळला जातो आणि तो जितका आवळला जाईल तितका तो तुम्हांला वर रेटतो. तुमच्या वजनाला पुरेल एवढा रेटा मिळाला की दबणे थांबते. डेऱ्याची भाजलेली मातीही अशीच दबते, फक्त डोळ्यांना दिसणार नाही इतकी थोडी. कोणतीच वस्तू पूर्ण ताठर नसते. अर्थात या दबण्याला मर्यादा आहे. ती ओलांडली की मडके तडकते. म्हणून तर सर्वांत भक्कम भांडे तळाशी ठेवण्याचा रिवाज पडला.

हवेची उतरंड

निसर्गानेही एक प्रचंड उतरंड रचली आहे. आपल्या डोक्यावरचे वातावरण म्हणजे हवेच्या थरांवर थर! प्रत्येक थराला वरचा थर खाली दाबतो, खालचा थर वर रेटतो आणि पृथ्वी खाली ओढते. वर जावे तसतसे वरचे थर कमी उरतात, म्हणून दाबही कमी व्हायला हवा. हे पडताळून पाहण्यासाठी फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालच्या सूचनेवरून त्याचे मेहुणे फ्लोरँ पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी पारा भरलेली नळी घेऊन पुई द दोम नावाचा डोंगर चढून गेले. पायथ्यापेक्षा माथ्यावर पाऱ्याची उंची सुमारे ८ सेंटिमीटरने कमी भरली. समुद्रसपाटीला ही उतरंड प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १ लाख न्यूटन बलाने दाबत असते.

क्रिया आणि प्रतिक्रिया

आयझॅक न्यूटनने १६८७ साली 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले. तिसरा नियम सर्वांना पाठ असतो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान व परस्परविरुद्ध असतात. हा नियम समजावताना न्यूटनने बोटाने दगड दाबण्याचे उदाहरण दिले आहे. बोट दगडाला दाबते तेव्हा दगडही बोटाला दाबतो.

आता सांगा, गाडग्याच्या वजनाची प्रतिक्रिया कोणती? पुष्कळजण घाईने म्हणतात, "मडक्याने गाडग्याला वर ढकलणे." जरा थांबा आणि वाक्य लिहून पाहा. वजन म्हणजे "पृथ्वी गाडग्याला ओढते". प्रतिक्रिया हवी तर कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करा. "गाडगे पृथ्वीला ओढते." ही खरी प्रतिक्रिया! २ किलोग्रॅमचे गाडगे अवाढव्य पृथ्वीला २० न्यूटनने वर ओढत असते. त्याच रीतीने "मडके गाडग्याला वर ढकलते" याची जोडी "गाडगे मडक्याला खाली ढकलते" ही आहे.

जोडीतील दोन बले कधीही एकाच वस्तूवर नसतात, हे लक्षात ठेवा. गाडग्यावरची दोन बले, म्हणजे पृथ्वीची ओढ आणि मडक्याचा रेटा, समान आहेत ती तिसऱ्या नियमामुळे नव्हेत. गाडगे स्थिर आहे, एवढेच त्याचे कारण. स्थिरता गेली की ही समानताही जाते.

उतरंड लिफ्टमध्ये ठेवली तर?

"आकडे तेच येतात, मग मडक्याचा रेटा म्हटले काय आणि वजन म्हटले काय, बिघडले कोठे?" अशी शंका तुमच्या मनात आली असेल. सुरुवातीच्या पहिल्या विद्यार्थ्याची बेरीज ८०, ४० आणि २० मिळून १४० च होती! उत्तर जुळले म्हणजे विचार बरोबर होता असे नाही. त्याची परीक्षा आता घेऊ.

तीच उतरंड लिफ्टमध्ये ठेवा. लिफ्ट वर निघताना तिचे त्वरण समजा २ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. आता वस्तूवरील बलांची बेरीज शून्य नाही. ती वस्तुमान आणि त्वरण यांच्या गुणाकाराएवढी हवी, हा न्यूटनचा दुसरा नियम.

गाडग्याला वरच्या दिशेने जादा बल हवे २ गुणिले २, म्हणजे ४ न्यूटन. म्हणून मडके त्याला २४ न्यूटनने ढकलते. मडक्याला जादा हवेत ८ न्यूटन. त्याला खाली नेणारी बले ४० आणि २४. म्हणून डेरा त्याला ७२ न्यूटनने ढकलतो. डेऱ्याला जादा हवेत १६ न्यूटन. त्याच्यावर खालच्या दिशेने ८० आणि ७२. म्हणून लिफ्टची फरशी डेऱ्याला १६८ न्यूटनने ढकलते.

पृथ्वीची ओढ तसूभरही बदलली नाही. गाडग्याचे वजन २० च आहे. पण गाडगे मडक्याला दाबते आहे २४ न्यूटनने. म्हणजे एक वस्तू खालच्या वस्तूला दाबते ते बल आणि तिचे वजन ही दोन वेगळी बले आहेत. वजने मांडून बसलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर अजून १४० च येईल आणि ते चुकेल.

उलट, सगळी उतरंड हातातून सुटून खाली पडू लागली, तर? तिन्ही भांडी सारख्याच त्वरणाने पडतात. कोणी कोणाला दाबत नाही. वजने जशीच्या तशी, पण एकमेकांमधील रेटे शून्य! मडकी फोडून हा प्रयोग करू नका. त्याऐवजी प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ बारीक भोक पाडा, बाटलीत पाणी भरा आणि झाकण काढून ठेवा. वरचे पाण्याचे थर खालच्या थरांना दाबतात, म्हणून भोकातून धार लागेल. आता अंगणात उभे राहून बाटली उंचावरून सोडून द्या. पडत असताना धार थांबलेली दिसेल. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या ९० टक्क्यांच्या आसपास असते. तरी अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचे स्थानक एकत्रच पृथ्वीकडे पडत असतात.

माणसांची उतरंड

गोकुळाष्टमीनंतर दहीहंडी फोडायला गोविंदा थर लावतात, ती माणसांचीच उतरंड. मोठी पथके नऊ-नऊ थर रचतात. सोपे उदाहरण म्हणून प्रत्येकी ५० किलोग्रॅमचे चारजण एकाच्या खांद्यावर एक उभे आहेत असे धरा. सर्वांत खालच्याच्या खांद्यांवर दुसऱ्याचे पाय १५०० न्यूटनने दाबतात आणि त्याला जमीन २००० न्यूटनने वर ढकलते. खऱ्या हंडीत तळाला अनेकजण गोलाकार उभे राहतात, ते हा भार वाटून घेण्यासाठी.

पण हा हिशोब सर्वजण स्तब्ध असतानाचा झाला. वरचा गडी हंडीकडे झेपावताना ३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने उसळला, तर तेवढ्या क्षणी तो खालच्याला ५०० ऐवजी ६५० न्यूटनने दाबतो. हे जादा १५० न्यूटन हातोहात तळापर्यंत पोचतात. तोच गडी १ मीटर खाली पडून कोणाच्या खांद्यावर आला आणि सुमारे ३३ सेंटिमीटरच्या आत थांबला, तर त्या खांद्यावरचे सरासरी बल २००० न्यूटन होते, त्याच्या वजनाच्या चौपट! अपघात बहुतांशी थर उभे असताना नव्हे, तर ते हलताना आणि कोसळताना का होतात, हे यावरून समजेल. २०१७ साली राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात १४ वर्षांखालील मुलांना थरांत सहभागी होऊ देणार नाही असे सांगितले, त्यामागील काळजीला भौतिकशास्त्राचाही आधार आहे.

जड म्हणून सुरक्षित?

आतापर्यंत आपण वर-खाली बले पाहिली. आता उतरंड आडवी पळवू. ट्रकमध्ये प्रत्येकी २० किलोग्रॅमची तीन लाकडी खोकी एकावर एक ठेवली आहेत. ट्रक १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने पुढे निघाला. वरच्या खोक्याला पुढे कोण नेते? बोट फिरवा. त्याला शिवते फक्त मधले खोके. म्हणून पुढे नेणारे २० न्यूटन बल मधल्या खोक्याच्या घर्षणाचेच. घर्षण नेहमी वस्तूला मागे ओढते असे मानणाऱ्यांनी हे नीट पाहावे. येथे घर्षणच खोक्याला पुढे नेते! मधल्या खोक्याला वरचे खोके २० न्यूटनने मागे ओढते, म्हणून तळाच्या खोक्याने त्याला ४० न्यूटनने पुढे न्यावे लागते. तळाच्या खोक्याला ट्रकची फळी ६० न्यूटनने पुढे नेते. ट्रक सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावू लागला की ही सगळी घर्षणबले नाहीशी होतात.

आता चालकाने करकचून ब्रेक दाबला. समजा, ट्रकचा वेग ५ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने घटू लागला. वरच्या खोक्याला थांबवायला १०० न्यूटन मागे हवेत. पण घर्षणालाही मर्यादा असते. घर्षणांक ०.४ असेल तर २०० न्यूटनच्या रेट्याला जास्तीत जास्त ८० न्यूटन घर्षण मिळते. २० न्यूटन कमी पडले! खोके पुढे घसरते आणि चालकाच्या पाठीमागे जाऊन आदळते.

खोके दहापट जड असते तर? मर्यादा ८०० न्यूटन झाली असती, पण गरजही १००० न्यूटन झाली असती. घसरणे टळत नाही. "माल जड आहे, हलायचा नाही", हा भरवसा म्हणूनच धोक्याचा आहे.

उपाय दोराचा. दोर आवळून उतरंडीला वरून आणखी २०० न्यूटनने दाबले, तर वरच्या खोक्याखालचा रेटा ४०० होतो, घर्षणाची मर्यादा १६० आणि गरज मात्र १०० च राहते. मधल्या खोक्याखाली मर्यादा २४० आणि गरज २००. तळाशी मर्यादा ३२० आणि गरज ३००. तिन्ही ठिकाणी निभावते. दोर वस्तुमान न वाढवता रेटा वाढवतो, हीच त्यातील युक्ती.

आता तुमची पाळी

जेवणाचा तीन कप्प्यांचा डबा घ्या. दोन्ही बाजूंना पट्ट्या, वर मूठ आणि झाकण आवळणारी कडी असलेला. प्रत्येक कप्प्याचे सुटे चित्र काढा आणि बोट फिरवून बाण काढा, आधी डबा टेबलावर असताना आणि मग मुठीने उचलल्यावर. टेबल चित्रातून गेले, तर त्याची जागा कोणी घेतली?

आणि जाता जाता एक कोडे. कडी घट्ट लावली की झाकणावर खालच्या दिशेने एक नवे बल येते आणि कप्पे एकमेकांना अधिक जोराने दाबू लागतात. तरीही डबा हाताला जराही जड लागत नाही. का बरे? सुगावा एवढाच देतो. या वेळी वस्तू म्हणून सगळा डबा निवडा, कडीसकट, आणि मग त्याच्या कडेवरून बोट फिरवा.